आइसलँडला पहिल्यांदा जाताना: वारा, रस्ता आणि ओळखीचा काळा कातळ

"सात दिवसांत अख्खं बेट होईल ना?" आइसलँडचं तिकीट काढलं की ओळखीतली मंडळी मला हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतात. बेट आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश, सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर. त्याला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता, म्हणजेच रिंग रोड, १,३०० किलोमीटरच्या थोडा वर. पुणे ते नागपूर आणि परत, त्याहूनही जरा कमीच. कागदावर सहज जमतं. पण तिथला दिवस वारा ठरवतो. आज कुठवर जायचं, जायचं की नाही, कुठल्या बाजूने जायचं, हे सकाळी वाऱ्याचा अंदाज बघून ठरतं. एवढं मनात पक्कं बसलं की बाकीची तयारी सोपी जाते, म्हणून सगळं याच अंगाने सांगते.

जमीन ओळखून घ्या

सह्याद्रीत पायपीट केलेल्या माणसाला तिथला दगड परका वाटत नाही. दोन्हीकडे बेसॉल्टच. आपला दख्खनचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, भेगांतून वाहत आलेल्या लाव्हाचे थरावर थर बसून झाला. पूर्व आइसलँडच्या फ्योर्डांमधले (डोंगरांत खोल शिरलेल्या अरुंद खाड्यांमधले) डोंगर बघा, तशाच पायऱ्यापायऱ्यांचे कडे दिसतात. माळशेजमध्ये उभं असल्यासारखं वाटतं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर जे उभे दगडी खांब आहेत, त्याच जातीचे खांब तिथे रेनिसफ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर आणि स्वार्तिफॉस धबधब्यामागे आहेत. लाव्हा निवताना आकसतो, त्याला भेगा जातात आणि असे बहुकोनी खांब तयार होतात.

फरक वयाचा आहे. आइसलँडचा सगळ्यात जुना दगड दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा आणि सगळ्यात नवा गेल्या काही वर्षांतला. अटलांटिकच्या तळाशी असलेली लांबच लांब पर्वतरांग इथे पाण्याबाहेर येते, आणि उत्तर अमेरिका व युरेशियाची भूपट्टं वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर एकमेकांपासून दूर सरकतात. थिंगवेत्लिरच्या राष्ट्रीय उद्यानात या ताणाने फाटलेल्या जमिनीच्या भेगांमधून तुम्ही चालत जाऊ शकता. याच जागी इसवी सन ९३० पासून आइसलँडच्या लोकांची सभा, अल्थिंग, भरत असे.

झाडं फार थोडी. त्यामुळे वाऱ्याला अडवणारं काही नाही, आणि डोळ्यांना अंतराचा अंदाजही येत नाही. समोर दिसणारा डोंगर पाच किलोमीटरवर आहे की वीस, कळत नाही. देशाचा सुमारे दहावा भाग हिमनद्यांखाली आहे. त्यातली एकटी वात्नायोकुत्ल देशाच्या साधारण आठ टक्के जमिनीवर पसरली आहे.

नकाशावरची लांबलचक नावं बघून दचकू नका, ती जोडशब्दांची आहेत. योकुत्ल म्हणजे हिमनदी, फॉस म्हणजे धबधबा, वीक म्हणजे खाडी, ह्रॉइन म्हणजे लाव्हाचं पठार, सांदूर म्हणजे हिमनदीच्या पुरांनी पसरलेलं वाळूचं मैदान. राजधानी रेक्याविक म्हणजे धुराची खाडी. हा धूर खरं तर गरम झऱ्यांची वाफ. सगळ्यात कामाचा शब्द हेइदी, म्हणजे उंचावरचं माळरान. रस्त्याच्या नावात हेइदी आलं की तो घाट समजा: खाली नुसता पाऊस असेल तेव्हा वर बर्फ आणि धुकं असू शकतं.

महिना ठरवा

बेट उत्तर ध्रुववृत्ताला अगदी खेटून आहे, रेक्याविक ६४ अंश उत्तरेला. तरी समुद्राचा उबदार प्रवाह किनाऱ्याला लागत असल्याने जानेवारीत रेक्याविकचं सरासरी तापमान शून्याच्या आसपासच राहतं. मात्र जुलैतही ते ११-१२ अंशांपुढे फारसं जात नाही. थंडी सोसता येण्यासारखी असते. माणूस थकतो तो वारा आणि ओल यांनी.

उजेडाचा हिशेब आधी करा. २१ जूनच्या सुमारास रेक्याविकला सूर्य मध्यरात्री मावळतो, तीनच्या आसपास पुन्हा उगवतो, आणि मधल्या वेळातही अंधार होत नाही. २१ डिसेंबरला तो साडेअकराच्या सुमारास वर येतो आणि साडेतीनला जातो. चार तासांच्या उजेडात निसरड्या, अनोळखी रस्त्यावर किती किलोमीटर होतील ते स्वतःलाच विचारा.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी जूनचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य हाच काळ सुचवते. देशाच्या मधल्या उंच, निर्मनुष्य भागातले रस्ते, ज्यांच्या क्रमांकाआधी 'एफ' असतो, ते साधारण जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतच उघडे असतात, आणि ती तारीख दरवर्षी बर्फ वितळण्यावर ठरते. उत्तरप्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) बघायचा असेल तर सप्टेंबर उत्तम: रात्री अंधार असतो, रस्ते मोकळे असतात. त्यासाठी तिथल्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर ढगांचा नकाशा मिळतो. त्यात हिरवा रंग ढगांचा आणि पांढरा मोकळ्या आकाशाचा. अनेकजण उलटं समजतात आणि नेमके ढगाखाली जाऊन उभे राहतात.

हिवाळ्यातच जायचं असेल तर पहिल्या खेपेला गाडी चालवायच्या फंदात पडू नका. रेक्याविकमध्ये मुक्काम ठेवा आणि रोजच्या बससहली घ्या. त्या चालकांना बर्फाचा सराव असतो आणि कधी मागे फिरायचं तेही त्यांना कळतं.

दिवस मोजा, आणि एक दिवस मोकळा सोडा

रेक्याविक ते दक्षिणेचं वीक गाव १९० किलोमीटरच्या आत, अडीच तास. रेक्याविक ते योकुल्सारलोन, जिथे हिमनदीचे तुकडे तळ्यात तरंगतात, सुमारे ३७० किलोमीटर, थांबे धरून पूर्ण दिवस. रेक्याविक ते उत्तरेचं आकुरेरी साधारण ३९० किलोमीटर.

पाच दिवस असतील तर थिंगवेत्लिर, गेसिरचे उसळते गरम झरे आणि गुत्लफॉस धबधबा हे त्रिकूट आणि दक्षिण किनारा, योकुल्सारलोनपर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परत. परतीचा तोच रस्ता म्हणून हळहळू नका. जाताना ढगात असलेली हिमनदी येताना उन्हात दिसते. पूर्ण वळसा घालायचा तर किमान नऊ-दहा दिवस लावा, आणि त्यातल्या एका दिवसापुढे काहीही लिहू नका. वादळाने रस्ता बंद झाला की तो दिवस कामी येतो. परतीच्या आदल्या रात्री मात्र रेक्याविक किंवा केफ्लाविकच्या आसपासच असायला हवं. केफ्लाविकचा विमानतळ राजधानीपासून ५० किलोमीटरवर आहे.

कागदपत्रं आणि पैसे

आइसलँड युरोपीय संघात नाही, पण एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन गटात आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. उन्हाळ्यासाठी जितका लवकर कराल तितका बरा. आपल्या वाहन परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून घ्या.

रोख रक्कम जवळपास लागत नाही. मात्र बहुतेक पेट्रोल पंपांवर माणूस नसतो आणि यंत्र कार्डाचा पिन मागतं, म्हणून पिन चालणारी दोन कार्डं ठेवा. टाकी अर्ध्यावर आली की भरायची. वीक सोडलं की पुढचं मोठं गाव सत्तर किलोमीटरवर आहे, आणि मधे बराच वेळ फक्त लाव्हा आणि वाळू.

कपडे

छत्री घरीच ठेवा. रेक्याविकला वर्षभरात पुण्याहून फार जास्त पाऊस पडत नाही, पण तो बाराही महिन्यांत वाटून पडतो आणि पुष्कळदा आडवा येतो. एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन थर न्या: अंगालगत लोकरीचं किंवा थर्मल, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यांवर वारा-पाणी अडवणारं जाकीट. तशीच पँट. मंडळी जाकीट चांगलं घेतात आणि खाली जीन्स घालतात. धबधब्याच्या तुषारांनी भिजलेली जीन्स त्या वाऱ्यात दिवसभर वाळत नाही. सेल्यालांद्सफॉसच्या पडद्यामागून चालत जायचं असेल तर हे आठवेलच. कानटोपी, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, आणि एवढं सांगूनही पोहण्याचा पोशाख. तो का, ते पुढे येईल.

गाडी

फक्त रिंग रोड करायचा असेल तर उन्हाळ्यात साधी गाडी पुरते. एफ रस्त्यांवर फोर बाय फोर कायद्यानेच सक्तीची आहे. तिथे पुलाविना नद्या ओलांडाव्या लागतात, आणि पाण्याने झालेलं नुकसान सहसा कुठल्याच विम्यात बसत नाही. हिमनदीतून येणारी नदी सकाळी उथळ असते. दिवसा बर्फ वितळतं तशी ती फुगते, आणि सकाळी ओलांडलेली जागा दुपारी ओलांडता येत नाही. पहिल्या खेपेला या वाटेला जाऊ नका. मधल्या उंच भागातल्या लांदमान्नालोइगारसारख्या ठिकाणी उंच चाकांच्या बस जातात.

विमा घेताना दोन गोष्टी वाचा: वाळू-राखेने रंग खरवडला गेला तर काय, आणि वाऱ्याने दार वाकलं तर काय. दुसऱ्याचं उत्तर बहुधा "भरपाई नाही" असंच असतं.

हे मी अनुभवाने सांगते. वीकच्या पेट्रोल पंपावर गाडी उभी केली तेव्हा वारा मागून येत होता. मी खिटी ओढली, दार बोटभर उघडलं, आणि पुढच्या क्षणी ते हातातून हिसकावलं गेलं. बिजागरीतून कट्ट असा आवाज आला, दार बोनेटच्या दिशेला वाकून थरथरत राहिलं. दोघांनी मिळून ते ढकलून बसवलं, पण वरच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट राहिली, आणि पुढे तीन दिवस त्या फटीतून शिट्टी वाजत होती. भाड्याची गाडी परत करताना दाराचे पैसे वेगळे भरले.

तेव्हापासून आमची रीत ठरली आहे. गाडी उभी करताना तिचं नाक वाऱ्याकडे. एका वेळी एकच दार. एक हात खिटीवर, दुसरा दाराच्या कडेवर घट्ट. मुलांनी दार स्वतः उघडायचं नाही, बाहेरून मोठ्यांनी उघडायचं.

रोज सकाळी, चहाबरोबर

नाश्त्याआधी तीन संकेतस्थळं बघायची. वेदूर डॉट आयएस हे हवामान खात्याचं, तिथे वारा आणि पिवळे, नारिंगी, लाल इशारे असतात. उमफेर्दिन डॉट आयएसवर प्रत्येक रस्त्याची आत्ताची स्थिती रंगांनी दाखवलेली असते. सेफट्रॅव्हल डॉट आयएसवर प्रवाशांसाठी सूचना असतात, आणि आपला प्रवासाचा बेत तिथे नोंदवून ठेवता येतो.

वाऱ्याचा वेग तिथे सेकंदाला मीटरमध्ये देतात. आपल्या डोक्यात तो बसत नाही, म्हणून ३.६ ने गुणा: १० म्हणजे ताशी छत्तीस किलोमीटर, २० म्हणजे बहात्तर. माझा स्वतःपुरता नियम असा: १५ च्या वर गेला तर उंच कॅम्पर व्हॅन रस्त्यावर काढायची नाही, २० च्या वर साधी गाडीही नाही. नुसता सरासरी वेग बघू नका, झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो आणि गाडी रस्त्याबाहेर फेकतो तो झोत. बोर्गार्नेसजवळच्या हाफ्नारफ्यात्लच्या पायथ्याशी आणि दक्षिणेला ओराइवी भागात डोंगरावरून असे झोत कोसळतात. रस्त्याकडेच्या विजेच्या पाट्यांवर आत्ताचा वारा आणि झोत दोन्ही दिसतात. आकडा मोठा असेल तर मागे वळा, गावात कॉफी घ्या, दोन-तीन तास थांबा.

आइसलँडच्या भाषेत ग्लुग्गावेदूर असा शब्द आहे, खिडकीतलं हवामान. खिडकीतून लख्ख ऊन, बाहेर पाय ठेवला की उभं राहवत नाही. खोलीतून आकाश बघून बेत ठरवू नका.

रस्त्यावर

गाडी उजवीकडून चालवायची. डांबरी रस्त्यावर कमाल ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, गावात ५०. दिवे दिवसाही चालू. डांबर संपून खडी सुरू होते त्या सांध्यावर नवखे चालक घसरतात, म्हणून पाटी दिसली की वेग आधीच उतरवा. दोन पदरी चौकातल्या वर्तुळात आतल्या पदरातल्या गाडीचा हक्क पहिला असतो.

एकेरी पुलांची सवय करून घ्या. पुलाजवळ जो आधी पोचेल तो आधी जातो, दुसरा थांबतो. अंदाज येत नसेल तर आपण थांबावं. मेंढ्या उन्हाळाभर मोकळ्या चरतात. रस्त्याच्या एका बाजूला मेंढी आणि दुसऱ्या बाजूला कोकरू दिसलं, की ते कोकरू आईकडे धावणार असं धरूनच चला.

फोटोसाठी रस्त्यात गाडी थांबवू नका. रस्त्यांच्या कडेला थांबायला जागा नसते, आणि मागून येणाऱ्याला तुम्ही दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे आणि दंड जबर असतो. त्यामागचं कारण एल्दह्रॉइनमध्ये कळलं. १७८३ मध्ये लाकी ज्वालामुखीच्या भेगेतून वाहिलेला हा लाव्हा. त्या उद्रेकाच्या विषारी वायूंनी गुरंढोरं मेली, मग दुष्काळ पडला, आणि देशातली साधारण पाचातली एक व्यक्ती दगावली. आज त्या लाव्हावर राखाडी-हिरव्या शेवाळाची गादी आहे. वाटेच्या कडेला बसून मी तळहात अलगद टेकवला तर तो मनगटापर्यंत आत गेला, थंड, ओलसर, लोकरीसारखा मऊ. दोन पावलांवर कुणाच्या तरी बुटाचा ठसा होता, तपकिरी, मेलेला. असा एक ठसा भरून यायला दशकं लागतात. कृपा करून आखलेल्या वाटेवरूनच चाला.

चार जागी जास्त जपा

समुद्र. रेनिसफ्याराला दहा लहान लाटांनंतर एखादी लाट अचानक दुप्पट आत येते आणि माणसाला ओढून नेते. तिथे माणसं गेली आहेत. किनाऱ्यावर धोक्याचा दिवा आहे, तो आधी बघा, आणि समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका. कोकणातल्या समुद्रात पोहणाऱ्यांनाही हे लागू आहे: आइसलँडचं पाणी काही मिनिटांत हातपाय बधिर करतं.

उकळती जमीन. गेसिरच्या आवारात स्त्रोक्कुर दर पाच-दहा मिनिटांनी उकळत्या पाण्याचा फवारा उडवतो. मीवात्न तळ्याजवळ क्वेरिरला चिखल रटरटत असतो. दोरीच्या आतच राहा. फिकट, पिवळट-पांढऱ्या जमिनीचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली पाणी उकळत असतं. वज्रेश्वरीच्या कुंडांच्या सवयीने हात घालून बघायला जाऊ नका.

हिमनदी. वाटाड्याशिवाय तिच्यावर पाऊल टाकू नका. बर्फाच्या गुहा हिवाळ्यातल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेदामेरकुरयोकुत्लवर बर्फ कोसळून एक पर्यटक गेला.

आणि ज्वालामुखी. रेक्यानेस द्वीपकल्प सुमारे ८०० वर्षं शांत होतं, ते मार्च २०२१ मध्ये जागं झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक गाव रिकामं केलं गेलं आणि त्या डिसेंबरपासून तिथे पुन्हा पुन्हा भेगा फुटल्या. बाकी देश त्या काळातही चालू होता, विमानंही, त्यामुळे बातमी ऐकून लगेच बेत रद्द करू नका. कुठला भाग बंद आहे तेवढं बघा. उद्रेक चालू असेल तर वायूचा अंदाज वाचा आणि ताज्या लाव्हावर चढू नका: वर काळं कवच, आत लाल रस. धोक्याच्या भागातल्या फोनवर तिथलं नागरी संरक्षण खातं संदेश पाठवतं. वीकच्या परिसरात असताना हिमनदीखालच्या कात्ला ज्वालामुखीचा इशारा आला तर सामान न आवरता उंचावर जा. तिथे लाव्हाआधी वितळलेल्या हिमनदीचा पूर येतो. असा पूर काय करतो ते स्काफ्ताफेल्लजवळ दिसतं: १९९६ च्या पुराने पिळलेल्या पुलाच्या लोखंडी तुळया तिथे ठेवल्या आहेत.

अडचणीत ११२ फिरवा. धावून येणारी बचाव पथकं स्वयंसेवकांची असतात, आपली नोकरी सोडून रात्री-अपरात्री निघालेली माणसं. त्यांना बोलवायची वेळ येऊ नये एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.

पोट आणि आंघोळ

बाहेरचं जेवण महाग आहे. बोनुस किंवा क्रोनान या दुकानांतून सामान घ्या आणि स्वयंपाकघर असलेला मुक्काम बघा. भाजणी, मेतकूट, मसाले न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून न्यायला मनाई आहे, तेव्हा पेढे आणि तूप घरी. स्कीर मिळतं, ते आपल्या चक्क्याच्या जवळचं. साखर-वेलची घालून खा. राईचा गोडसर पाव काही ठिकाणी अजून गरम जमिनीत पुरून चोवीस तास भाजतात, तो लोण्याबरोबर चाखाच. नळाचं थंड पाणी थेट प्या, बाटल्या विकत घेऊ नका. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, कारण बहुतेक ठिकाणी ते जमिनीतूनच आलेलं असतं. पिण्यासाठी थंड नळ जरा वेळ वाहू द्या.

आता तो पोहण्याचा पोशाख. लहानशा गावातही तरणतलाव असतो आणि त्याशेजारी ३८-४० अंशांची गरम कुंडं. दिवसभर वारा खाल्ल्यावर तिथे बसायचं. आत जाण्याआधी साबणाने, कपड्यांविना, आंघोळ करावी लागते. बायका-पुरुषांच्या खोल्या वेगळ्या असतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. पाण्यात औषध फार कमी घालतात म्हणून हा नियम ते काटेकोर पाळतात. पहिल्या दिवशी संकोच वाटतो. मग गावातली आजी शेजारी येऊन बसते आणि उद्या वारा कुठून येणार ते सांगते. तिचं नीट ऐकून घ्या, आणि खोलीवर गेल्यावर दुसऱ्या दिवसाचा रस्ता त्याप्रमाणे बदला.